परतूरच्या वाड्यातली बुलेट

वेरूळला लोक मुद्दाम जातात, पैठणला जातात, औंढ्या नागनाथाला जातात. परतूरला मात्र माणूस जातो तो एक तर नात्याने, नाही तर बदलीने. माझे नाते होतेच; पण खरे सांगायचे तर मागच्या एका दसऱ्याच्या तोंडावर मी परतूरला गेलो तो नात्यासाठी नव्हे, एका मोटारसायकलीसाठी.

पुण्यातल्या माझ्या एका स्नेह्यांना जुन्या गाड्यांचा नाद आहे. नाद म्हणजे कसा, तर त्यांच्या घरी दिवाणखान्यात माणसांना बसायला दोन खुर्च्या आणि मोटारसायकलींना उभे राहायला चार जागा! माझ्या चुलत्यांकडे 1969 सालची बुलेट आहे आणि ती अजून चालते, असे माझ्या तोंडून गेले मात्र, त्यांनी पिच्छाच पुरवला. शेवटी एक लाख ऐंशी हजारांचा निरोप घेऊन अस्मादिकांची स्वारी निघाली.

मनमाडला गाडी बदलली आणि मराठवाडा एक्स्प्रेसमध्ये खिडकीची जागा मिळाली. दौलताबादचा किल्ला मागे पडला, छत्रपती संभाजीनगर गेले, जालना आले. एके काळी ‘जालना सोने का पालना’ म्हणत. आता तिथे लोखंडाच्या सळ्या आणि बियाणे यांचा व्यापार मोठा. जालन्यापुढे जमीन काळी होत जाते. कपाशीला बोंडे धरली होती, सोयाबीनच्या काढण्या चालल्या होत्या, आणि मधूनच एखादे तुरीचे हिरवेगार शेत गाडीबरोबर पळत होते. हा लोहमार्ग निजामाच्या राज्यात 1900 च्या सुमारास झाला तो मीटर गेजचा. रुंद रूळ आले ते 1990 च्या दशकात. रांजणी गेले आणि दिवेलागणीला परतूर आले.

परतूर हे तालुक्याचे गाव. स्टेशन, कचेरी, आडत बाजार, कापसाच्या गाड्या आणि चहाच्या टपऱ्या, असा त्याचा संसार. 1948 पर्यंत ते निजामाच्या राज्यात, पुढे परभणी जिल्ह्यात, आणि 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला तेव्हापासून जालना जिल्ह्यात. त्यामुळे आमच्या आबाकाकांच्या वाड्यात एक मौज आहे. काका जालना जिल्ह्याचे रहिवासी, पण त्यांची गाडी मात्र परभणी जिल्ह्यात नोंदलेली! दोघेही जागचे हललेले नाहीत, जिल्हाच हलला.

काका पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला होते. 1974 साली त्यांनी ही बुलेट जालन्याच्या एका ठेकेदाराकडून जुनी म्हणून घेतली. बुलेट मूळची विलायती. 1955 साली मद्रासेत तिची जुळणी सुरू झाली, पुढे सगळे भाग इथेच होऊ लागले; विलायतेतला मूळचा कारखाना केव्हाच बंद पडला आणि लेक मात्र माहेराविना आपल्याकडे नांदत राहिली. काकांनी तिच्या कॅरिअरवर औषधांची पेटी बांधली आणि तीस वर्षे तालुक्यातल्या गोठ्यागोठ्यांतून हिंडले. गावाच्या वेशीवर तिचा ठोका ऐकू आला की बाया म्हणत, “ढोराचा डॉक्टर आला.” काका डॉक्टर नव्हते, पण म्हशीला कोण पदवी विचारायला सांगतो?

मी रात्री जेवणे झाल्यावर विषय काढला. काकू पानाला चुना लावीत होत्या, त्या थांबल्या. काकांचा नातू दाराशी बसला होता, तो उठून बाहेर गेला.

“मुलाला विचार,” काका म्हणाले. “मी आता चालवत नाही. गाडी त्याच्याकडं आहे.”

हा नातू आयटीआय झालेला. विहिरींवरच्या मोटारी, पाणबुडी पंप, स्टार्टर यांची दुरुस्ती हा त्याचा धंदा. हत्यारे तो गोणपाटाच्या पिशवीत घालून हँडलला अडकवीत असे. ती पिशवी एकदा पुढच्या चाकात जाता जाता राहिली, तेव्हा त्याने ठरवले की गाडीला दोन्ही बाजूंनी हत्यारांच्या पेट्या बसवायच्या. पत्र्याच्या दोन पेट्या त्याने करून आणल्या होत्या आणि मी पोचलो त्याच दिवशी स्वतःच्या हाताने बसवल्याही होत्या. सकाळी त्या पाहून माझ्या काळजात चर्र झाले! माझ्या स्नेह्यांनी बजावले होते, “गाडी मूळ रूपात हवी. एक भोकसुद्धा नवे नको.”

त्यामागे कारण होते. 2021 साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, फारसा फेरफार न केलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदता येते. तिला वेगळा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये पडतात, ती दहा वर्षे चालते. पण अट अशी, की ती गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शनाला न्यावी, मिरवणुकीत न्यावी; बाजारात न्यायची नाही. थोडक्यात, तिला पेन्शन मिळते आणि घरात बसावे लागते.

मी नातवाला हिशेब सांगितला. “एक लाख ऐंशी हजारांत नवी गाडी येईल, वर पैसे उरतील. पंपांचे सामान घेता येईल.” त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “काका, आष्टीकडं एक मोटार बसवायला चाललोय. बसा मागं. मग बोलू.”

गाडी सुरू करणे हा एक विधीच होता. अँमिटरचा काटा मधोमध आणायचा, डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन जरा पुढे सरकवायचा आणि मग एकच लाथ. घाई केली तर गाडी लाथ परत करते. पण ठोका सुरू झाला आणि वाड्यातले कबुतर उडाले.

वाटेत मी जे पाहिले ते हिशेबात नव्हते. एका वस्तीवरून जाताना एक म्हातारा शेतातून हात करीत धावत आला. “आबांची गाडी ऐकू आली म्हणून आलो. आमचा स्टार्टर बघ ना जरा.” पुढे दुसऱ्या एकाने चहाला थांबवले आणि मागच्या कामाचे पैसे दिले. नातू वळून म्हणाला, “बघितलं? मला कोण ओळखतं? गाडीला ओळखतेत.”

आणि त्यानंतर दहा मिनिटांत ते घडले. उतार होता. समोर बांधावरून एकदम गुरे रस्त्यावर आली. नातवाने ब्रेक दाबला आणि पेडल दगडासारखे घट्ट! मागचे चाक थांबेना. त्याने पुढचा ब्रेक धरला, गाडी वाकडी झाली, एका गाईच्या शेपटीला घासून आम्ही कपाशीत शिरलो. लागले कोणालाच नाही. पण पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि माझे गुडघे मोटार बंद झाल्यावरही चालू होते.

घरी आल्यावर काकूंनी ऐकले आणि एकच वाक्य बोलल्या, “विकून टाका.” काका काही बोलले नाहीत. मला खरे तर आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

संध्याकाळी काकांनी स्टेशनजवळच्या मिस्त्रींना बोलावले. सत्तरीचे गृहस्थ, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा. त्यांनी कोणाला दोष दिला नाही. आधी डाव्या पेटीतली हत्यारे बाहेर काढायला लावली, मग खाली बसून पाहिले आणि पुन्हा भरायला लावली. नंतर मला म्हणाले, “साहेब, इथं बोट घाला.”

बोट शिरेना. पेटी रिकामी असताना तिच्या खालच्या पट्टीचा बोल्ट आणि ब्रेकच्या रॉडचा जोड यांत बोटभर अंतर होते. पाने, हातोडी, तारेचे भेंडोळे असे दहा किलोंचे ओझे भरल्यावर पातळ पट्टी खाली वाकली आणि बोल्ट नेमका जोडाच्या वाटेत आला. पेडल दाबले की रॉड पुढे ओढला जातो आणि मागच्या ड्रममधला कॅम फिरून लायनर फाकतात. इथे रॉड पुढे येण्याआधीच बोल्टावर अडत होता. “रिकाम्या पेटीची परीक्षा केली,” मिस्त्री म्हणाले, “आणि भरल्या पेटीनं गाडी चालवली.” नातू मान खाली घालून उभा होता.

मी शहाणपणा करून म्हणालो, “रॉडच थोडा वाकवून घ्या की!”

मिस्त्री हसले. “वाकडा रॉड ओढला की आधी सरळ व्हायला बघतो. तुमचा निम्मा जोर त्याला सरळ करण्यातच जाणार. ब्रेक स्प्रिंगसारखा लागंल. रॉड सरळच पाहिजे.”

आणखी एक शंका माझ्या मनात होती. या जुन्या बुलेटचा पायाचा ब्रेक डावीकडे आणि गिअर उजवीकडे, ही जुनी विलायती चाल. या शतकात आलेल्या बुलेटींवर गिअर डावीकडे आला, आणि बाकीच्या मोटारसायकलींवर तर ब्रेक उजवीकडेच असतो. मग या निमित्ताने तोही उजवीकडे का नेऊ नये? मिस्त्री म्हणाले, “ब्रेक तिकडं नेला की गिअर इकडं आणावा लागतो. मग गिअरबॉक्स आला, मग सगळंच आलं. पोराचा पाय या गाडीवरच तयार झालाय. चालणाऱ्याला काठी बदलून देऊ नये.”

दुसरा सगळा दिवस अंगणात काम चालले. गाडी डबल स्टँडवर चढवली. पेट्या काढल्या. बारीक पट्ट्यांच्या जागी जाड पट्ट्या कापल्या, कडा कानशीने घासल्या. पेटी दोन बोटे वर आणि थोडी पुढे घेतली, म्हणजे मागचा शॉकअप दबून चिमटा वर आला तरी तिला लागू नये. मग मिस्त्रींनी चौकटीला भोक पाडायला ड्रिल उचलले आणि काका ओट्यावरून प्रथमच मोठ्याने बोलले, “मिस्त्री, भोक नको.”

ड्रिल खाली ठेवले गेले. नळीला गोल बसतील असे क्लॅम्प वळवले, आत सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले, म्हणजे रंग खरवडू नये आणि पेटी सरकूही नये. पेटी वर गेल्यावर ब्रेकच्या दिव्याचा खटका तिच्या आड आला. तो पुढे हलवला. पेडल परत आणणाऱ्या स्प्रिंगचा हूक दुसऱ्या जागी घेतला. रॉड कोणी तरी पूर्वी ठोकून सरळ केलेला होता, तो काढून नवा घातला. मागच्या कॅमची दांडी दात सोडून पुन्हा अशी बसवली, की ब्रेक लागतो त्या क्षणी रॉड आणि दांडी यांचा काटकोन व्हावा. तिथे जोर सर्वांत जास्त मिळतो. पेडलला इंचभर मोकळी चाल ठेवली. मुळीच न ठेवली तर लायनर घासत राहतात आणि ड्रम तापतो.

मग मिस्त्रींनी काकूंकडे कणकेचा गोळा मागितला. काकूंना वाटले, भूक लागली! त्यांनी तो गोळा पेटीचा तळ आणि रॉड यांच्यामध्ये चिकटवला, पेट्या हत्यारांनी भरल्या, नातवाला आणि मला गाडीवर बसवून खाली-वर उड्या मारायला लावल्या आणि दहादा ब्रेक दाबायला लावला. नंतर गोळा काढून पाहिला. सर्वांत चेपलेल्या जागीही तो अंगठ्याएवढा जाड होता. “आता देवाचं नाव घ्या,” मिस्त्री म्हणाले.

स्टेशनच्या रस्त्यावर नातवाने चाचणी घेतली. काकू ओट्यावर उभ्या राहून पाहत होत्या. तीनदा तो जोरात आला आणि तीनदा चाक ठरल्या जागी थांबले. चौथ्यांदा काकूंनी स्वतः ओरडून सांगितले, “बस कर आता, पेट्रोल जातंय!” ही त्यांची संमती होती.

रात्री काकांनी मला जवळ बोलावले. “तुझ्या मित्राला सांग, आत्ता नाही. गाडीला भोक पाडू दिलं नाही मी. क्लॅम्प सोडले की ती होती तशी आहे. पोराला पुढं-मागं दुकान काढायचं झालं, पैसा लागला, तर त्यानं विकावी. तेव्हा त्याचं नुकसान व्हायला नको. पण आज तिला काम आहे, आणि काम असलेल्याला पेन्शनीत काढू नये.” थोडे थांबून म्हणाले, “मला काढलं होतं, तेव्हा मी तीन महिने वेशीपर्यंत रोज जाऊन यायचो.”

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. अंगणात पाट मांडून नातवाने पाने, पक्कड, मल्टिमीटर ओळीने ठेवले. काकूंनी गाडीला झेंडूची माळ घातली, दोन्ही पेट्यांना हळदकुंकू लावले. उजव्या पेटीच्या तळाशी एका फडक्यात गाडीचे काढलेले जुने भाग बांधून ठेवले होते: तो ठोकलेला रॉड आणि दोन-चार वायसर. काकांनी ते नीट आहेत का हे स्वतः पाहिले आणि पेटीचे झाकण लावले.

मी परतीच्या गाडीत बसलो तो रिकाम्या हातांनी. स्नेह्यांना काय सांगायचे याची जुळवाजुळव करीत होतो. गाडीने परतूर सोडले आणि फाटकाशी पाहतो तर बंद दांडीपलीकडे बुलेट उभी! दोन्ही बाजूंना पेट्या, माळ अजून हँडलला, आणि नातवाचा डावा पाय पेडलवर. त्याने हात वर केला. मीही केला. शीळ वाजली, म्हणून तिचा ठोका मला ऐकू आला नाही.

स्नेह्यांना मी सारे खरे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “भोक पाडले नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग थांबू,” ते म्हणाले. दिवाणखान्यातली एक जागा त्यांनी अजून रिकामी ठेवली आहे. ती रिकामीच राहावी, असे मला हल्ली वाटू लागले आहे.