बेतवेच्या काठी, चित्रकाराच्या दृष्टीने

झाशीहून कानपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ‘एरच रोड’ नावाचे एक स्थानक लागते. खुद्द एरच गाव मात्र बेतवा नदीच्या काठी वसलेले आहे. हिरण्यकशिपूची राजधानी हीच आणि पहिली होळी पेटली ती येथेच, असे गावकरी श्रद्धेने सांगतात. इतिहासाची साक्षही थोडी नाही. पाली ग्रंथांतील दशार्ण देशाचे एरकच्छ नगर ते हेच. ते नाव धारण करणारी नाणी आणि राजांची नावे असलेल्या विटा येथे सापडल्या आहेत. अकबराच्या काळी आग्रा सुभ्यातील एक सरकार या गावाच्या नावाने ओळखले जाई.

वाचकहो, आपण कधी येथे आलात तर घटकाभर नदीकाठी बसा. कालिदासाची वेत्रवती ती हीच. नाण्यांनी नगराचे नाव राखले, विटांनी राजांचे. परंतु हे पात्र सामान्य माणसे कशी ओलांडीत, पैलतीरी जाण्यासाठी कोण ताटकळत उभे राही, हे कोण सांगणार? जे रोजचे म्हणून कोणी टिपून ठेवीत नाही, तेच आधी पुसले जाते.

हे रोजचेच टिपण्याचा ध्यास काही चित्रकारांनी घेतला. छायाचित्रांच्या आधारे हुबेहूब चित्र रंगविण्याच्या त्यांच्या पद्धतीला १९६९ साली लुई माइझेल यांनी ‘फोटोरिअलिझम’ हे नाव दिले. तिचे अग्रणी रिचर्ड एस्टिस यांनी न्यूयॉर्कच्या बसगाड्या, त्यांच्या काचांत पडलेली इमारतींची प्रतिबिंबे आणि स्टेटन आयलंडला जाणारी प्रवासी बोट रंगविली. कॅमेरा हाती असता हा खटाटोप कशासाठी, असे आपण विचाराल. एस्टिस अनेक छायाचित्रांतून एकच दृश्य रचतात. त्यात जवळचे आणि दूरचे सारे सारख्याच स्पष्टतेने दिसते. असे ना डोळ्याला दिसते, ना भिंगाला. ती नक्कल नव्हे, निवड आहे.

आपल्याकडे सुधीर पटवर्धन यांनी निराळी वाट धरली. पुण्यात १९४९ साली जन्मलेल्या आणि ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या या चित्रकाराने मुंबईचे रस्ते, आगगाड्या आणि कष्टकरी माणसे रंगविली. ‘लोअर परळ’ हे त्यांचे चित्र २००१ सालचे. एस्टिस यांच्या चित्रांत माणसे विरळ. पटवर्धनांच्या शहराचे मोल माणसांमुळेच.

मुंबईत १८७४ साली धावू लागलेली ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी कायमची थांबली. कालपर्यंत जिच्यात चढण्यासाठी धावपळ चाले, ती एका रात्रीत आठवण झाली. म्हणून सांगावेसे वाटते: सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन आपल्या गावच्या घाटावर किंवा बसस्थानकावर जा. त्यांच्या हाती वही-पेन्सिल द्या. रेघ वाकडी आली तरी चालेल. राजांच्या नावांची काळजी विटांनी घेतली. ताटकळणाऱ्या माणसाची आपण घ्यावयाची आहे.