दोन विमाने, एक यतना

१९७९ साली अमेरिकेत घरी बांधता येण्याजोगी दोन छोटी विमाने प्रथम आकाशात झेपावली : बर्ट रुटान यांचे ‘लाँग-ईझी’ आणि रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन यांचे ‘आरव्ही-४’. दोन्हींत आसने दोनच, एकामागे एक. स्वभाव मात्र भिन्न. लाँग-ईझीचा छोटा पंख पुढे, इंजिन मागे. वेग फार घटला की पुढच्या पंखाची उचल आधी घटते, नाक आपोआप खाली येते आणि मुख्य पंख सावरलेला राहतो. धावपट्टी मात्र लांब हवी. आरव्ही-४ हाताच्या किंचित इशाऱ्यावर वळते, आखूड पट्टीवरही उतरते. पण त्याचे तिसरे चाक शेपटीखाली असल्याने जमिनीवर ते गाफीलपणा खपवून घेत नाही.

१९९७ साली गायक जॉन डेन्व्हर यांचा लाँग-ईझी चालवताना मृत्यू झाला. बांधणाऱ्याने इंधनाची टाकी बदलण्याची मूठ मूळ आराखडा सोडून डाव्या खांद्यामागे बसवली होती. आणि हे विमान त्यांना नवखे होते.

श्रेष्ठ कोणते? अनेकान्ताची दृष्टी सांगते : दूरच्या प्रवासाच्या अपेक्षेने एक, आखूड पट्टीच्या अपेक्षेने दुसरे. यतना मात्र दोहोंत सारखीच हवी.