शोधपट्टीला काय ठाऊक नसावे

डेस्कटॉपवरील ॲप्लिकेशनमध्ये शोधपट्टी ओळभर जागा घेते, आणि कदाचित म्हणूनच ती प्रत्येक खिडकीसाठी नव्याने, घाईघाईत लिहिली जाते. ग्रंथालयाच्या प्रणालीत पुस्तकांच्या यादीवर एक, सभासदांवर दुसरी आणि देवघेवीच्या नोंदींवर तिसरी, अशा तीन पट्ट्या तीन निरनिराळ्या सवयींच्या निघतात. एकदाच घडवून सर्वत्र बसवता येईल अशी पट्टी हवी असेल, तर तिला काय ठाऊक नसावे हे आधी ठरवावे लागते. पुस्तके, सभासद, डेटाबेस यांपैकी कशाचीही तिला ओळख नसावी. लिहिलेला मजकूर शोधण्याजोगा झाला एवढीच वर्दी तिने बाहेर द्यावी, आणि शोध कोण घेतो, निकाल कोठे दिसतात, हे पट्टी वापरणाऱ्या खिडकीवर सोपवावे.

क्यूट या सी प्लस प्लसमधील साधनसंचात ही वर्दी ‘सिग्नल’मार्फत जाते, सिग्नल म्हणजे काही घडल्याची जाहीर सूचना, जी ज्याला हवी त्याने ऐकावी. तेथील एकओळी मजकूरपेटी ‘टेक्स्टचेंज्ड’ आणि ‘टेक्स्टएडिटेड’ असे दोन सिग्नल देते. पहिला मजकूर प्रोग्रामने बदलला तरी सुटतो, तर दुसरा वापरणाऱ्याच्या हातून बदल झाला तरच सुटतो. मागच्या वेळचा शोध खिडकी उघडताना आपोआप भरला जात असेल, तर पट्टीने यांपैकी कोणता ऐकायचा यावर यादी नकळत गाळली जाणार की नाही, हे ठरते.

प्रत्येक कळीगणिक शोध सुरू करणे इष्ट नसते, म्हणून कळ दाबताच एक छोटा टायमर नव्याने लावायचा आणि हात थांबून तो संपला तरच सिग्नल सोडायचा, अशी रीत आहे. जीटीके या दुसऱ्या साधनसंचातील तयार शोधपेटीत हा विलंब मुळात 150 मिलिसेकंदांचा आहे. देवनागरीत मात्र ‘ज्ञ’सारखे एक अक्षर ज, हलन्त आणि ञ अशा तीन वर्णांनी बनते, तेव्हा मध्येच हलन्तावर थांबलेला मजकूर शोधायला धाडण्यापेक्षा थोडा अधिक विलंब ठेवणे बरे. शोध दुसऱ्या थ्रेडवर चालत असेल, तर ‘पु’चे उत्तर ‘पुणे’च्या उत्तरानंतर येऊन त्याला पुसून टाकू शकते, यासाठी पट्टीने प्रत्येक मागणीला चढता क्रमांक द्यावा आणि खिडकीने जुन्या क्रमांकाचे उत्तर टाकून द्यावे.

एस्केप कळीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. क्यूटमध्ये मजकूरपेटी ही कळ स्वतः हाताळत नाही, त्यामुळे ती वर डायलॉगपर्यंत जाते आणि डायलॉग बंद होतो. शोध पुसू पाहणाऱ्याच्या हातातून भरत आणलेला अर्ज निसटतो. मजकूर असेल तर पट्टीने एस्केप स्वतःकडे घेऊन मजकूर पुसावा आणि पेटी रिकामी असेल तरच कळ पुढे जाऊ द्यावी. वापरणाऱ्याचा हात ओळखणे हेच पट्टीचे खरे काम आहे, आणि ते तिने नेमके करावे.

लिपीचा प्रश्न मात्र पट्टीच्या बाहेरचा आहे, आणि मराठीत तोच सर्वांत गहन आहे. ‘कादंबऱ्या’मधील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो: ऱ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, किंवा साध्या र आणि हलन्तापुढे झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे पडद्यावर न दिसणारे जोडचिन्ह, ठेवून. ‘ॲटलास’मधील ॲ हा वर्ण युनिकोडमध्ये 2008 साली, 5.1 या आवृत्तीत आला. त्याआधीच्या नोंदींत अ आणि ॅ असे दोन वर्ण आढळतात. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात, संगणकाला ती भिन्न असतात, आणि युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण त्यांना एक करत नाही. न दिसणारे जोडचिन्ह सरसकट गाळून टाकण्याचा सोपा मार्ग तर घातकच आहे, कारण त्याने ‘दऱ्या’ या डोंगरांमधल्या जागा ‘दर्या’ या समुद्रात मिसळतात. र, हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांना ऱ आणि हलन्त या रूपात, तसेच अ आणि ॅ या दोघांना ॲ या रूपात आणणे, आणि हे रूपांतर करणारे एकच फंक्शन यादीतील नोंदी व शोधाचा मजकूर या दोहोंवर चालवणे, हाच योग्य उपाय आहे. ते फंक्शन पट्टीला बाहेरून पुरवावे. पेटीत दिसणाऱ्या मजकुराला तिने हात लावू नये.

तेव्हा मराठी वाचकांसाठी शोधपट्टी घडवणाऱ्याने ती वापरात देण्यापूर्वी ‘कादंबऱ्या’ आणि ‘ॲटलास’ हे शब्द दोन्ही रूपांत शोधून पाहावेत, आणि ‘दर्या’ शोधल्यावर ‘दऱ्या’ येत नाहीत ना, याचीही खात्री करून घ्यावी.