कोल्हापुरातला एक दिवस आणि वरच्या खाचराचं पाणी



या पानावर मी एरवी बियाणं, खत, करपा, खोडकिडा असलंच लिहितो. आजची नोंद जरा वेगळी आहे. डिसेंबरात आम्ही चौघं मित्र कोल्हापूरला जाऊन आलो. गेलो होतो हलरच्या शाफ्टसाठी, पण अख्खा दिवस शहरात काढावा लागला. त्या दिवसात जे बघितलं आणि बोललो ते भातवाल्यांच्या कामाचं आहे, म्हणून लिहितो.

आधी थोडं आमच्याबद्दल. आमची वाडी भोर आणि वेल्हे (आता राजगड तालुका) यांच्या शिवेवर. सगळी भातखाचरं, डोंगर उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची. मी, तात्या, आबा आणि नाना असे चौघांत मिळून तीन वर्षांपूर्वी एक छोटी भातगिरणी टाकली. आपलं इंद्रायणी आपणच भरडायचं आणि पुण्यात ओळखीच्या घरांना पाच-दहा किलोच्या पिशवीत द्यायचं. यंदा ऐन सुगीत हलरचा शाफ्ट गेला, चावीचा गाळा पार खाल्लेला. जवळच्या दुकानदाराने पंधरा दिवस सांगितले, आणि तेही अख्खा सेट घ्या म्हणाला. पंधरा दिवस गिरणी बंद म्हणजे आमचा निम्मा हंगाम गेला. आबाचा पाहुणा म्हणाला, कोल्हापूरच्या उद्यमनगरात जा, जुना तुकडा दाखवा, एका दिवसात करून देतील.

मग काय, रात्री चेलाडी फाट्यावर एसटी धरली. शाफ्ट गोणपाटात गुंडाळून पायाशी. चौघांपैकी कुणीच कोल्हापूर बघितलेलं नव्हतं. पंढरपूर झालं, मुंबई झाली, पण खंबाटकी ओलांडून साताऱ्याच्या पुढं कामच पडलं नाही कधी.

पहाटे पाचला उतरलो. एवढ्या लवकर कारखाना कुठला उघडतोय! पहिलं अंबाबाईचं दर्शन घेतलं. तिथून चालत गंगावेशीला दूध कट्ट्यावर. हा कट्टा ऐकून माहीत होता, पण बघितल्याशिवाय पटत नाही. म्हशी रस्त्याकडेला उभ्या, मालक समोर धार काढतोय, आणि माणसं पेला धरून उभी. गरम धारोष्ण दूध, फेसासकट. पाणी घातलं का, पावडर घातली का, हा प्रश्नच नाही. आबा दोन पेले प्याला आणि म्हणाला, "आपल्या तांदळाचं असंच पाहिजे, गिऱ्हाइकानं गिरणीसमोर उभं राहून घ्यावा." बोलला गमतीत, पण बोलला खरं. आजकाल इंद्रायणी म्हणून काय काय विकतात ते आपल्याला माहीत आहे.

तिथला एक म्हातारा गवळी बोलका होता. "पावणं, कुठलं गाव?" भोरकडचं म्हणल्यावर बसायला जागा दिली. त्याची शेती शहराला लागून होती. प्लॉट पडले, तीस वर्षं झाली. आता वैरणीची पेंढी विकत घेतो. "रान गेलं, म्हशी ऱ्हायल्या," एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या म्हशीकडं गेला. मी तात्याकडं बघितलं नाही. का ते पुढं सांगतो.

नऊला उद्यमनगरात पोचलो. शेतकऱ्यानं एकदा बघावी अशी जागा आहे. गल्लीच्या गल्ली लेथ, ओतकाम, वेल्डिंग. ऊस, गुऱ्हाळ, पाण्याची इंजिनं यांच्या दुरुस्तीनं हे गाव यंत्रात तयार झालं. मिस्त्रीने शाफ्ट हातात घेतला, कॅलिपर लावला, बोटाने गाळा चाचपला. म्हणाला, "पट्टा लई ताणताय तुम्ही. आणि पुली सरळ रेषेत न्हाय." तिथं बसून त्याने आमच्या गिरणीची दुखणी सांगितली. ईएन-8 च्या सळईतून नवा शाफ्ट, चावी आणि दोन्ही बेअरिंग, सगळे मिळून 3,200 रुपये. संध्याकाळी सहाला या म्हणाला. मंडळी, तुमच्याकडं हलर असेल तर एवढं करा: इंजिनाची किंवा मोटरची पुली आणि हलरची पुली दोरी धरून एका रेषेत आहेत का बघा, आणि पट्टा बोटाने दाबल्यावर थोडा खाली गेला पाहिजे. शाफ्ट वाचेल.

मिसळ खाऊन रिक्षाने शाहू मार्केट यार्डात गेलो. गुळाचे सौदे बघायचे होते. रवे मांडलेले, पिवळे, लालसर, काळपट. व्यापारी रव्याचा कपचा काढून तोंडात टाकतात, रंग बघतात, बोटाने कठीणपणा बघतात आणि भाव बोलतात. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. म्हणजे शेतकऱ्याच्या एका मालासाठी राजाने बाजार उभा केला. तरी तिथला गूळवाला शेतकरी काय म्हणाला? "गुळव्या मिळंना, मजूर मिळंना, कारखान्याला ऊस घातला की सुटका." गुऱ्हाळं कमी होत चाललीत म्हणाला. मानांकन मिळाले म्हणून पोट भरत नाही, हे मुळशीच्या आंबेमोहोरावरून आपल्यालाही कळतं. वासाला जगात तोड नाही, पण उंच वाढून लोळतो आणि उतारा कमी. म्हणून तर 1987 साली वडगाव मावळच्या केंद्राने इंद्रायणी दिली आणि आपण सगळे तिकडं वळलो.

यार्डातल्या झाडाखाली बसून नानाने आमचा हिशोब काढला. तो इथं देतो, कृषी खात्यातल्या मंडळींनी तपासावा. हे आकडे आमच्या गिरणीचे आहेत.

एक क्विंटल भात तसंच विकलं तर गेल्या साली 2,800 रुपये आले. तेच भरडलं तर 62 किलो तांदूळ. त्यात अख्खा 52 किलो, 65 रुपयांनी 3,380. कणी 10 किलो, 25 रुपयांनी 250. कोंडा 8 किलो, 15 रुपयांनी 120. एकूण 3,750. वीज, पिशव्या, पुण्याला नेण्याचं भाडं मिळून 350 वजा. हातात 3,400. म्हणजे क्विंटलमागं 600 रुपये जास्त. चौघांचं विकायचं भात 120 क्विंटल धरलं तर 72,000. डोईला 18,000.

तात्या ऐकत होता. मग म्हणाला, "आणि माझ्या रस्त्याकडंच्या पंधरा गुंठ्याला गुंठ्याला तीन लाख म्हणतायत. पंचेचाळीस लाख. भागिले अठरा हजार. अडीचशे वर्षं गिरणी चालवली पाहिजे."

कुणीच हसलं नाही.

हिशोब तसा सरळ नाही, जमीन राहते आणि पैसा जातो वगैरे आपण बोलतो. पण तात्याची अडचण खरी आहे. पोरीचं लग्न ठरत आलंय, पोरगा पुण्यात भाड्याच्या खोलीत. पुण्याची माणसं फार्महाऊससाठी आमच्याकडं गुंठे शोधत फिरतात हे तुम्हाला सांगायला नको. चार महिन्यांपासून एक जण तात्याच्या मागं होता.

माझी अडचण वेगळी. तात्याची ती पंधरा गुंठं म्हणजे माझ्या दीड एकराच्या वरची खाचरं. लावणीला डोंगराचं पाणी आधी त्याच्या खाचरात येतं, ते भरलं की बांधाच्या तोंडातून माझ्यात उतरतं. माझ्यातून खालच्या आणखी दोघांत. आजोबांपासून असंच चाललंय, कुठं लिहिलेलं नाही. तिथं मुरूम टाकून कंपाउंड बांधलं की माझी चिखलणी बंद. पण मित्राच्या घरात लग्न असताना त्याला "विकू नको" कसं म्हणायचं? चार महिने मी गप्प होतो.

दुपारी खासबाग मैदान बघितलं. 1912 सालचं. शाहू महाराजांनी परदेशात रोमचा जुना आखाडा बघितला, त्याच्यावरून हे बांधून घेतलं. बशीसारखं खोल, कुठंही बसा, कुस्ती दिसते. नाना जुना पैलवान गडी, त्याने हौद्यातली माती उचलून कपाळाला लावली.

मग मीच म्हणलं, बंधारा बघू. कसबा बावड्याला पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. आपण ज्याला के.टी. बंधारा म्हणतो त्यातलं के म्हणजे कोल्हापूर, हे आबाला तिथं कळलं! आपल्याकडं गुंजवणीवर, कानंदीवर असतात तसलेच. दगडी खांब, मध्ये गाळे, पावसाळा संपला की गाळ्यात बरगे बसवायचे आणि पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी काढून घ्यायचे. काढायला उशीर झाला की पूर बंधाऱ्यावर येतो, बसवायला उशीर झाला की पाणी निघून जातं. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर याच बंधाऱ्याची पातळी बघतं. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं होतं.

एक गोष्ट मनात आली ती लिहितो. भाटघर धरण ब्रिटिशांनी वेळवंडीवर बांधलं, आमच्या भोर तालुक्यात. पाणी गेलं नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती, इंदापूर, फलटणला. उन्हाळ्यात काठावरच्या वाड्या टँकरची वाट बघतात. आणि इकडं शाहू महाराजांनी 1909 साली राधानगरीचं काम सुरू केलं, हयातीत पुरं झालं नाही, पण पाणी नदीतच सोडायचं आणि बंधाऱ्या-बंधाऱ्यांनी अडवून काठच्या गावांनी उचलायचं, अशी रीत या मुलखात बसली. वरच्याने अडवलं तरी खालच्याचा वाटा सोडावा लागतो.

बंधाऱ्यावर उभं राहून मी तात्याला बोललो. "तात्या, विकणं तुझ्या हातात आहे. मी अडवणार नाही. पण वरची खाचरं बुजली की माझं दीड एकर कोरडं."

तात्या पाण्याकडं बघत होता. म्हणाला, "मला कळत नाही का? म्हणून तर चार महिने सही केली नाही. तू कधी बोलतोस ते बघत होतो."

मग अर्धा तास चौघांनी तिथंच बसून बोलणं केलं. नाना ग्रामपंचायतीत होता, त्याला कागद कळतात. ठरलं ते असं: पंधरा गुंठं विकायचीच वेळ आली तर डोंगराकडंच्या कडेने तीन फूट रुंद पाण्याची वाट सोडायची. ती मोजणीच्या नकाशात दाखवायची आणि खरेदीखतात शब्दाने लिहायची, की खालच्या गट नंबरांना या वाटेने पाणी कायम मिळेल. घेणारा हे मान्य करत नसेल तर त्याला जमीन द्यायची नाही. भाव थोडा कमी आला तरी चालेल, असं तात्या स्वतः म्हणाला.

ज्यांच्या वर आधीच विक्री झालीय त्यांच्यासाठी नानाने सांगितलेलं: नैसर्गिक उताराचं पाणी कुणी अडवलं तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पावसाळा जाऊ दे, सुगी होऊ दे म्हणत बसलात तर मुदत गेली. फोटो तारखेसह काढून ठेवा आणि शेजाऱ्यांना घेऊन पंचनामा करून घ्या.

सहाला शाफ्ट तयार होता, चकाकणारा. तांबडा-पांढरा रस्सा हाणला, आणि रात्रीच्या गाडीने परत. दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणी चालू झाली. पुली दोरी धरून सरळ केली, तेव्हा कळलं ती अर्धा इंच बाहेर होती. कणीसुद्धा पहिल्यापेक्षा कमी पडतेय, यंदाचा पक्का आकडा हंगाम संपल्यावर देईन.

तात्याचं अजून ठरलेलं नाही. घेणाऱ्याला पाण्याच्या वाटेची अट सांगितली तर तो वकिलाला विचारून सांगतो म्हणाला. गुढीपाडव्यापर्यंत थांबायचं ठरलंय. तोवर मी आणि तात्याने मिळून वरच्या खाचरापासून माझ्या बांधापर्यंत चुन्याने आखणी केली आहे, आणि ती वाट आत्ताच खणून घेणार आहोत. जमीन विको अगर न विको, वाट डोळ्याला दिसली पाहिजे.

तुमच्याकडं वरच्या-खालच्या खाचरांच्या पाण्याचं कागदावर काही केलेलं असेल तर जरूर सांगा. आमच्या भागात खूप जणांना उपयोग होईल.