टाळ्या वाजवणारे हात

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात दर रविवारी संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग असतो. मी नोकरीने कारकून, शिक्षणाने बी.कॉम.; त्यामुळे गणित आणि हिशेब माझ्याकडे. मागे एका रविवारी माझ्याच मुलीने वही मिटून विचारले, "पप्पा, दलित पँथरमधला पँथर आला कुठून?" मी म्हणालो, अमेरिकेतून. "अमेरिकेत तरी कुठून?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पुढच्या रविवारपर्यंत मुदत मागून घेतली.

पँथर शोधायला गेलो आणि वाटेत एक माणूस भेटला. जॉर्ज वॉलेस त्याचे नाव.

अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा नावाचे राज्य आहे. तिथल्या लाउन्डस जिल्ह्यात बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते. पण १९६५ च्या सुरुवातीला मतदारयादीत त्यांचे जवळजवळ एकही नाव नव्हते. नाव नोंदवायला गेले की नोकरी जायची, घर जायचे, कधी जीवही जायचा. राज्यातल्या सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाची निशाणी पांढरा कोंबडा, आणि त्या कोंबड्याबरोबर गोऱ्यांच्या वर्चस्वाचे घोषवाक्य वर्षानुवर्षे छापले जाई. लाउन्डसच्या माणसांनी स्वतःचा पक्ष काढला आणि निशाणी घेतली काळा पँथर. तीच निशाणी १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या ब्लॅक पँथर पक्षाने उचलली, आणि १९७२ साली आपल्या मुंबईतल्या तरुणांनी त्यावरून दलित पँथर हे नाव घेतले. म्हणजे आपल्या पँथरचे मूळ गाव अलाबामा. त्या वेळी त्या राज्याचा गव्हर्नर होता हाच वॉलेस.

वाचक बंधू-भगिनींनो, हा माणूस जन्मजात राक्षस होता असे मला वाटले होते. तसे नाही निघाले. तरुणपणी तो न्यायाधीश होता. कृष्णवर्णीय वकिलाला तो 'मिस्टर' म्हणून हाक मारी. त्या काळी तिथे ही केवढी मोठी गोष्ट होती, हे जे. एल. चेस्टनट या कृष्णवर्णीय वकिलांनीच सांगून ठेवले आहे. १९५८ साली तो गव्हर्नरपदाच्या शर्यतीत उतरला आणि हरला. जिंकणाऱ्याच्या पाठीशी कू क्लक्स क्लॅनवाले होते. वॉलेसने धडा घेतला तो असा की, द्वेष करण्यात यापुढे कोणाला पुढे जाऊ द्यायचे नाही. १९६२ साली तो निवडून आला. १४ जानेवारी १९६३ च्या शपथविधीला त्याने गर्जना केली, वंशभेद आज, वंशभेद उद्या, वंशभेद कायम. ते भाषण लिहून देणारा माणूस क्लॅनचाच होता.

त्याच वर्षी ११ जूनला व्हिव्हियन मेलोन आणि जेम्स हूड ही दोन मुले विद्यापीठात नाव घालायला आली, तेव्हा हा गव्हर्नर स्वतः दारात आडवा उभा राहिला. केंद्राने सैन्य आणल्यावर त्याच दिवशी बाजूला झाला. म्हणजे तो हरला. पण देशाने ते टीव्हीवर पाहिले, आणि देशभरातून त्याच्याकडे पत्रांचा आणि तारांचा पाऊस पडला. त्यात बहुतेक शाबासकीच्या. दक्षिणेबाहेरच्यासुद्धा! लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नव्हते म्हणून १९६६ साली त्याने बायकोला उभे केले आणि तीही निवडून आली. ही युक्ती आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको.

दरम्यान ७ मार्च १९६५ रोजी सेल्मा गावाच्या पुलावर, मताचा हक्क मागणाऱ्या निःशस्त्र मोर्च्याला त्याच्या राज्याच्या पोलिसांनी लाठ्यांनी झोडपले. पुढे असलेल्या जॉन लुईस या तरुणाचे डोके फुटले.

मी मुलांना हे सांगत होतो तेव्हा आमचे दादा, म्हणजे माझे वडील, दाराशी खुर्ची टाकून ऐकत होते. पुढचा भाग सांगताना मी त्यांच्याकडे बघायचे टाळले.

पुढचा भाग असा. १९६८ साली वॉलेस राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. उत्तरेकडच्या मोटार कारखान्यांतले गोरे कामगार त्याच्या सभांना गर्दी करू लागले. युनियनचा बिल्ला छातीवर आणि टाळ्या वॉलेसला! तुमच्या हलाखीला तो काळा जबाबदार आणि त्याची बाजू घेणारे शिकलेले जबाबदार, हे तो त्यांच्याच भाषेत सांगे. चाचण्यांत जवळजवळ पाचांतला एक मतदार त्याच्याकडे झुकला होता. तेव्हा युनियनवाल्यांनी काय केले? शिव्या दिल्या नाहीत. घरोघर पत्रके वाटली आणि त्यात साधा हिशेब मांडला : याच्या अलाबामात कामगाराला पगार किती मिळतो ते बघा, तिथे युनियनची काय गत आहे ती बघा. मतदानापर्यंत त्याचा पाठिंबा उतरला. तरीही साडेतेरा टक्के, म्हणजे सुमारे ९९ लाख मते आणि पाच राज्ये त्याने घेतलीच.

हे सांगताना दादांकडे का बघवेना, ते आता लिहितो. मी नऊ-दहा वर्षांचा होतो. दादा एका कंपनीत हेल्पर होते. एके संध्याकाळी ते मला मैदानावर सभेला घेऊन गेले. वक्त्याचे नाव लिहीत नाही, तसे वक्ते पुष्कळ झाले. बाहेरून आलेले लोक तुमच्या तोंडचा घास काढतात, असे तो म्हणाला आणि मैदान पेटले. दादांनी तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. घरी येऊन आईला तेच भाषण पुन्हा करून दाखवले. आई चार घरची धुणीभांडी करून आली होती. भाकरी थापता थापता ती एवढेच म्हणाली, "शेजारच्या भैयानं परवा पोराच्या औषधाला पैसे दिले, ते कुठून आलेल्या माणसाचे होते? आणि तुमच्या त्या सभेत आपल्याला खुर्ची तरी होती का?" दादा चिडून बाहेर गेले.

वर्ष-दीड वर्षात कंपनी बंद पडली. बंद केली मालकाने. गेटबाहेर दादा आणि तो शेजारी एकाच रांगेत थकबाकीसाठी उभे होते. आता त्या जागेवर उंच इमारती आहेत.

वॉलेसची गोष्ट अजून संपलेली नाही. १५ मे १९७२ रोजी एका तरुणाने त्याला गोळ्या घातल्या. कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. आणि त्याला भेटायला दवाखान्यात कोण गेले असेल? शर्ली चिझम. अमेरिकी संसदेत निवडून गेलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री, आणि त्या वर्षी त्याच्याच विरोधात राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागत होत्या. त्यांचे स्वतःचे लोक संतापले. पण पुढे १९७४ साली घरकाम करणाऱ्या बायकांना किमान वेतन मिळावे यासाठी चिझम झटत होत्या, तेव्हा दक्षिणेकडच्या खासदारांची मते मिळवायला वॉलेसने मदत केली. इथे मला माझी आई आठवली. वीस-पंचवीस वर्षे तिने पाणी उपसले. किमान वेतन हा शब्दसुद्धा तिच्या कानावर कोणी घातला नव्हता.

१९७९ साली वॉलेस माँटगोमेरीत, मार्टिन ल्यूथर किंग यांनी पूर्वी जिथे धर्मसेवा केली त्या चर्चमध्ये अचानक गेला आणि क्षमा मागितली. १९८२ साली चौथ्यांदा गव्हर्नर झाला, तो अनेक कृष्णवर्णीयांच्या मतांसह. १९९६ साली त्याच्या कुटुंबाच्या संस्थेने पत्नीच्या नावाचा धैर्याचा पहिला पुरस्कार दिला, तो त्या व्हिव्हियन मेलोनना. १३ सप्टेंबर १९९८ रोजी तो वारला, तेव्हा डोके फुटलेल्या जॉन लुईस यांनी वर्तमानपत्रात लिहिले की मी त्याला क्षमा केली. ज्यांना ती करता आली नाही, तेही पुष्कळ होते. २०२१ साली बर्मिंगहॅमच्या विद्यापीठाने इमारतीवरचे त्याचे नाव काढले. इतर काही कॉलेजांवर ते अजून आहे.

"मग माफ करायचं का नाही?" मुलीने विचारले.

मी म्हणालो, बाळा, ज्याचे डोके फुटले त्याने ठरवायचे. लुईस यांनी केली, तो त्यांचा मोठेपणा. ज्याने नाही केली, त्यालाही आपण दटावू नये. आणि मी हिशेबाचा माणूस, एवढे सांगतो, जमेच्या बाजूला रक्कम लिहिली म्हणून नावेची बाजू खोडता येत नाही. वही दोन्ही बाजूंनी वाचायची असते.

तेवढ्यात दाराशी खुर्ची हलली. दादा मुलांना म्हणाले, "त्याचं सांगितलं, आता माझं पण सांगा. टाळ्या मी पण वाजवल्यात." मग त्यांनी स्वतःच मैदानाची, सभेची, गेटची सारी हकिकत सांगितली. शेजाऱ्याचे नाव घेतले आणि थांबले. तो गावी गेला त्या दिवशी दादा त्याला स्टेशनवर सोडायलासुद्धा गेले नव्हते. आईला जाऊन सात वर्षे झाली. हे ऐकायला ती हवी होती.

बंधू-भगिनींनो, वॉलेस एकटा मोठा झाला नाही. त्याला मोठे करणारे हात कष्टकऱ्यांचेही होते आणि ते हात आपल्यासारखेच घट्टे पडलेले होते. म्हणून सभेत फार आनंद होऊ लागला की हात जरा थांबवा. हा माणूस ज्याच्याकडे बोट दाखवतो आहे, तो आपल्या शेजारी तर राहत नाही ना? आणि याच्या राज्यात आपल्या माणसाला पगार किती मिळतो? एवढे दोन प्रश्न घरी जाऊन बायकोला, आईला विचारा. उत्तर बहुधा त्यांच्याकडे असते.

जयभीम.