पितळेची पिन

सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे मला एके काळी ठाऊक होते. तरीही गेल्या फेब्रुवारीत ह्यूस्टनमधल्या माझ्या गॅरेजात, थंड फरशीवर बसून, मी अर्धा तास एक डावे पेडल चुकीच्या दिशेने पिळत होतो. म्हणजे सोडवण्याऐवजी आवळत होतो. पेडल सायकलचे नव्हते, मासेमारीच्या कयाकचे होते, एवढाच काय तो माझा बचाव.

कयाक हा शब्द मुळात इनुइटांचा. सीलच्या कातड्याने मढवलेली ती शिकाऱ्याची होडी. वल्हे हातात असले की गळ धरायला हात उरत नाही, ही एकट्या कोळ्याची जुनी अडचण. १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या होबी कंपनीने होडीच्या तळाशी पायांनी हलणारी दोन पाती बसवली, पेंग्विनच्या पंखांसारखी. पुढे अशा यंत्रांचे पेवच फुटले. माझे यंत्र दुसऱ्या जातीचे, पंख्याचे. वर सायकलसारखी दोन पेडले, त्यांच्यामध्ये दंतचक्रांची पेटी, तिच्यातून तळाखाली उतरणारा दांडा, खाली आणखी एक पेटी आणि शेवटी पाण्यात फिरणारा पंखा. पेडलचा एक फेरा म्हणजे पंख्याचे सुमारे १० फेरे. हा पंखा दांड्यावर धरून ठेवते ती काडेपेटीतल्या काडीहून थोडी जाड अशी एक पिन. (‘शिअर पिन’ला परिभाषेत भारदस्त प्रतिशब्द असेलही, पण पिन आता मराठीच झाली आहे.) ती मुद्दाम मऊ धातूची करतात. पंखा कशावर आपटला तर तिने तुटावे आणि आतले दाते वाचावेत, यासाठीच ती असते.

माझी पिन एका हंगामात तीनदा तुटली. तिसऱ्या वेळी मी वैतागलो आणि पितळेच्या पिनेऐवजी त्याच मापाचा पोलादी तुकडा कापून बसवला. आपल्याला फार शहाणपण सुचले, असेही त्या दिवशी वाटले.

गॅल्व्हस्टन बेटाच्या नैर्ऋत्येला ख्रिसमस बे नावाची उथळ खाडी आहे. तिच्यात कालवांचे खडक आहेत. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की खाडीचे पाणी समुद्राकडे ढकलले जाते आणि एरवी बुडालेली कालवे पाण्याच्या पातळीलगत येतात. जानेवारीतल्या अशाच एका सकाळी गळाला रेडफिश लागला होता. माझे सारे लक्ष दोरीकडे. पंखा कालवांत शिरला. पिन तुटली नाही. वरच्या पेटीत अडकित्त्याने सुपारी फुटावी तसा आवाज झाला आणि पाय रिकामेच फिरू लागले. मासाही गेला. वाऱ्याच्या विरुद्ध दोन तास वल्हवत मी किनारा गाठला.

कंपनी सुटे दंतचक्र विकत नाही. विकते ते पूर्ण यंत्र, आणि त्याची किंमत ऐकून मी फोन ठेवला. शेवटी एका कोळीमित्राच्या मोडीत निघालेल्या यंत्रातून ते मिळाले. पण पेटी उघडेना. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि ॲल्युमिनियमची पेटी यांच्यामध्ये खारे पाणी शिरले की ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. तेल सोडून रात्रभर ठेवले, उष्णता दिली, स्क्रू निघाले. पेडल निघेना.

इथे रात्रीचे नऊ, पुण्यात सकाळचे साडेआठ. बाबांशी बोलण्याची ती ठरलेली वेळ. बाबा ८३ वर्षांचे आहेत. मी शाळेत असताना दर उन्हाळ्यात ते घरातल्या दोन्ही सायकली अंगणात उलट्या करून ओव्हरहॉल करीत. क्रँकची कॉटर ठोकून काढीत, छर्रे रॉकेलच्या बशीत टाकीत. बशी सांभाळणे हे माझे काम, आणि मांडीवर पुस्तक. एकदा बशी कलंडली, छर्रे गटारात गेले. बाबा काही बोलले नाहीत. चप्पल घालून दुकानात गेले आणि नवे घेऊन आले. मी वाचत राहिलो.

अलीकडे त्यांचे विस्मरण वाढले आहे. मी कधी येणार, हे एका बोलण्यात तीनदा विचारतात. फोनच्या कॅमेऱ्यातून मी त्यांना ते यंत्र दाखवले.

“डावं पायडल ना ते? उलट्या आट्याचं असतं. चालवताना सुटू नये म्हणून. पाना उलटा फिरव.”

फिरवला. सुटले.

“दाते कशानं गेले?”

“खडकावर आपटलो, बाबा.”

“मग मध्ये तुटायला काही ठेवलं नव्हतं त्यांनी?”

“होती ना. पितळेची पिन होती.”

“आणि ती तुटली नाही?”

“नाही.”

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हल्ली पितळसुद्धा भेसळीचं येतं.” मी हो म्हणालो. त्यानंतर त्यांनी, मी कधी येणार ते विचारले.

पुढचे काम चिकाटीचे होते. दोन दंतचक्रे एकमेकांपासून नेमक्या अंतरावर बसावी लागतात. त्यासाठी कागदाएवढ्या पातळ चकत्या असतात. एक जास्त झाली की अंतर बिघडून दाते घासतात, एक कमी झाली की भार येताच एकमेकांवरून घसरतात. दातांना थोडा रंग लावायचा, चक्र फिरवायचे आणि ठसा दाताच्या मध्यावर उमटला का ते पाहायचे. नाही उमटला तर पुन्हा सगळे खोला. मी ती पेटी सात वेळा खोलली. आठव्यांदा पाण्यात न विरघळणारे वंगण भरून बंद केली. पंख्यावर पितळेची पिन घातली, आणखी सहा एका डबीत घालून होडीत ठेवल्या. जवळच्या तळ्यात तासभर चालवून पाहिली; आवाज आला नाही.

त्या शनिवारी रात्री मी बाबांना म्हणालो, “बाबा, ते पितळ चांगलं होतं.”

“कुठलं पितळ?” त्यांनी विचारले.

मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.