ऑइल होलच्या कडेला

काळ्या दिव्याखाली, वीस लक्सच्या आतल्या अंधारात, चुंबकित शाफ्टच्या भेगेवर जमलेली पावडरची हिरवी रेघ पूर्वी आपणहून डोळ्यांत भरायची. आता ती शोधावी लागते. नेमकी त्याच सुमाराला आमच्या शॉपमध्ये क्रँकशाफ्टसाठी हॉल सेन्सरची पट्टी आली. तिला ना अंधार लागतो, ना चष्मा.

सेन्सरला मी नवखा म्हणणार नाही. १८६८ साली सॅक्सबी नावाच्या माणसानं चुंबकित तोफेच्या नळीवरून होकायंत्र फिरवून दोष शोधले होते. पावडर आली ती पुढच्या शतकात.

माझं घोडं अडतं ते ऑइल होलपाशी. तिथं भेग नसली तरी चुंबकीय फ्लक्स बाहेर सांडतोच, स्क्रीनवर डोंगर उठतो. इंडक्शन हार्डनिंगनंतरची ०.२ मिलिमीटरची भेग त्या डोंगरात बुडून जाते. मर्यादा वर न्यावी तर भेग सुटते, खाली आणावी तर चांगले शाफ्ट भंगारात. सेन्सरवर बसणारी आमच्या शॉपमधली मुलगी निर्दोष शाफ्टचा सिग्नल वजा करून बघते. युक्ती चांगली, पण शाफ्ट बसवताना जरासा फिरला की वजाबाकीत खोटं टोक उरतं. पावडरमध्ये होलची कड पसरट उजळते; भेग मात्र धारदार, कडेपासून बाहेर निघालेली. हा फरक मला दिसतो, आकड्यांत सांगता येत नाही.

होलभोवतीची भेग कुठल्याही दिशेला जाते, म्हणून शाफ्टमधून करंट सोडणारा हेडशॉटही हवा आणि शाफ्टभोवतीची कॉइलही. हल्ली काही जॉबवर्कवाले नुसत्या हेडशॉटवर शिक्का मारतात. असा शाफ्ट कुणाच्या तरी ट्रकमध्ये बसतो, याची मला चीड येते.

शंकेचा जॉब अजून माझ्याकडेच येतो. चुंबकत्व काढून (डिमॅग करून), पुसून, पुन्हा शॉट देऊन मी बघतो. मॅग्नेटिक रायटिंग, म्हणजे चुंबकत्वाची नुसती खोटी रेघ, असेल तर जातं; भेग जात नाही. पोरं भोवती थांबलेली असतात आणि मी गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ लावतो. ते थांबणं मला आवडतं. सेन्सरनं ते न्यावं असं वाटत नाही.

तरीही सेन्सरवरच्या त्या मुलीचा नवा प्रोब जमावा असं मनापासून वाटतं. तो होलच्या कडेनं गोल फिरतो: आकाराचा सिग्नल सावकाश चढतो-उतरतो, भेगेचा एकाच जागी टोचतो. अडचण एवढीच, की प्रोब मधोमध बसत नाही, एका अंगाला कलतो. त्यासाठी पितळेचा बुश टर्न करायचा आहे. मापं मी घेतली आहेत.